लास पाल्मासची फाइल: ऑक्टोपसच्या शेतीचं एक प्रकरण

स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी ग्रान कनारिया बेटावर लास पाल्मास हे मोठं बंदर आहे. तिथे ऑक्टोपसची शेती उभारण्याचा प्रस्ताव नुएवा पेस्कानोव्हा या स्पॅनिश मत्स्यकंपनीने बेटांच्या प्रादेशिक सरकारच्या मत्स्यविभागाकडे दिला. मार्च २०२३ मध्ये त्यातली गोपनीय कागदपत्रं युरोग्रुप फॉर ॲनिमल्स या संघटनेकडून बीबीसीच्या हाती लागली आणि तोवर कंपनीच्या निवेदनांतूनच कळणारी योजना आकड्यांनिशी लोकांसमोर आली. दुमजली इमारत, तीत सुमारे हजार सामाईक टाक्या, वर्षाला साधारण दहा लाख ऑक्टोपस, ३,००० टन माल, साडेसहा कोटी युरोंची गुंतवणूक. एवढ्या प्रमाणावर ऑक्टोपस पाळण्याचा प्रयत्न त्याआधी कुठेच झालेला नव्हता.

पशुपालनातली क्रूरता बहुतेक वेळा एखादा धंदा पिढ्यानपिढ्या रुजल्यावर उघडकीला येते. तेव्हा वाद नियम पाळले की मोडले यावर होतो. लास पाल्मासचं प्रकरण वेगळं आहे. इथे पहिली टाकी भरण्याआधीच सगळी योजना कागदावर वाचायला मिळाली. निष्काळजी कामगार, लाचखाऊ निरीक्षक किंवा बंद पडलेला पंप यांपैकी काहीही गृहीत न धरता, सगळं ठरल्याप्रमाणे सुरळीत चाललं तर त्या प्राण्याचं काय होईल, हे ताडून पाहता येतं. मी ते पाहिलं, आणि माझं मत असं झालं की दोष या आराखड्याच्या तपशिलात नाही. ऑक्टोपस ज्या प्रकारचा प्राणी आहे त्याची आणि शेती ज्या प्रकारचा धंदा आहे त्याची मुळातच जुळणी होत नाही.

पिल्लांचा अडसर

स्पेन, पोर्तुगाल, इटली, ग्रीस, जपान, दक्षिण कोरिया या देशांत ऑक्टोपस आवडीने खाल्ला जातो. जगभरात दर वर्षी साडेतीन लाख टनांच्या आसपास ऑक्टोपस समुद्रातून पकडला जातो, आणि युरोपच्या बाजारात येणारा बराच माल मोरोक्को आणि मॉरिटानियाच्या किनाऱ्यावरून येतो. मागणी चढती, पकड मात्र वर्षागणिक कमी-जास्त. त्यात हा प्राणी झपाट्याने वाढतो, एक-दोन वर्षांतच त्याचं आयुष्य संपतं, अंगात हाड नाही, त्यामुळे जवळपास सगळा देह विकता येतो. धंदेवाईक नजरेने पाहिलं तर याची शेती आजवर कशी झाली नाही, याचंच नवल वाटावं.

ती झाली नाही याचं कारण पिल्लं. सर्वसामान्य ऑक्टोपसची, म्हणजे ऑक्टोपस वल्गॅरिसची मादी लाखाच्या घरात अंडी घालते. त्यातून निघणारी पिल्लं जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असतात. ती तळाशी जात नाहीत. काही आठवडे ती प्लवकांबरोबर पाण्यात तरंगत राहतात आणि जिवंत, हलतं, योग्य मापाचंच भक्ष्य पकडतात. प्रयोगशाळांमध्ये त्यांना आर्टेमिया हे खाऱ्या पाण्यातले इवले जीव घालून पाहिले, खेकड्यांच्या अळ्या घालून पाहिल्या. वर्षानुवर्षं निकाल तोच होता: पिल्लं तळाशी स्थिरावण्याआधीच मरायची. म्हणून १९९०च्या दशकात स्पेनच्या गॅलिसिया प्रांतात जे झालं ते खऱ्या अर्थाने शेती नव्हतं. समुद्रातून लहान ऑक्टोपस पकडायचे आणि तरंगत्या पिंजऱ्यांत पोसून मोठे करायचे. बीज समुद्रातूनच येत असल्याने समुद्रावरचा ताण त्यातून हटत नव्हता.

हा अडसर स्पॅनिश समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधनातून दूर झाला. त्या कामाच्या आधारे नुएवा पेस्कानोव्हाने २०१९ मध्ये जाहीर केलं की ऑक्टोपसचं जीवनचक्र बंदिस्त जागेत पूर्ण करता आलं आहे. बंदिवासात जन्मलेल्या एका मादीचं नाव लूर्दितास ठेवलं होतं. ती मोठी झाली, तिने अंडी घातली, आणि ही बातमी स्पेनभर गाजली. २०२३ पासून शेतीतला ऑक्टोपस बाजारात आणायचा कंपनीचा इरादा होता. कंपनी या स्पर्धेत एकटी नव्हती. जपानच्या निस्सुई या मत्स्यकंपनीने २०१७ मध्ये बंदिवासात अंड्यांतून पिल्लं मिळवल्याचं सांगितलं होतं. मेक्सिकोत युकातानच्या किनाऱ्यावर, सिसाल इथे, ऑक्टोपस माया या जातीवर काम चालू होतं. त्या जातीची अंडी मोठी असतात आणि पिल्लं थेट तळाशी राहायला लागतात, त्यामुळे तिथे तरंगत्या अवस्थेचा प्रश्नच येत नाही.

जीवशास्त्र म्हणून हे काम मोठं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पिल्लू जगवता येणं आणि त्याला जगण्यासारखं आयुष्य देता येणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली साधली म्हणून दुसरी आपोआप साधते असं धरून आराखडा पुढे गेला.

हा प्राणी राहतो कसा

समुद्राच्या तळाशी ऑक्टोपसचं बीळ शोधायचं असेल तर आधी उष्टी-खरकटी शोधावी लागतात. खडकाच्या फटीसमोर खेकड्यांची रिकामी कवचं, भोक पाडलेले शिंपले, गोगलगायींची टरफलं असा ढीग पडलेला असतो. आत, दगड ओढून तोंड अरुंद केलेल्या जागेत, तो एकटा बसलेला असतो. शिकारीला तो बाहेर पडतो तेव्हा डोळ्यांइतकाच हातांनी चालतो. हातांवरच्या प्रत्येक चूषकाला, म्हणजे चिकटून धरणाऱ्या वाटीला, स्पर्शाबरोबर चवही कळते, म्हणून एखाद्या फटीत हात घालणं म्हणजे ती फट चाखणंही असतं. त्याच्या सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी जवळपास दोन तृतीयांश या आठ हातांत आहेत.

त्याला आई शिकवत नाही. अंडी घातल्यावर मादी खाणं सोडते, अंड्यांवरची घाण झटकते, त्यांच्यावर पाण्याचे झोत सोडत बसते आणि पिल्लं निघेपर्यंत झिजून मरते. १९७७ साली जेरोम वोडिन्स्की यांनी अशा माद्यांच्या डोळ्यांमागच्या ग्रंथी काढून पाहिल्या. त्या माद्या अंडी सोडून उठल्या, पुन्हा खाऊ लागल्या आणि कितीतरी जास्त जगल्या. म्हणजे हा मृत्यू अशक्तपणाने येत नाही, तो शरीरातच ठरवून ठेवलेला असतो. त्याचा परिणाम असा की कोणत्याही ऑक्टोपसला आधीची पिढी भेटत नाही. कवच कसं फोडायचं, कुठे लपायचं, कोणाला घाबरायचं, हे सगळं तो स्वतः उलथापालथ करून शिकतो. त्याची चौकसता हा रिकामपणाचा खेळ नाही, तिच्याशिवाय तो वाचतच नाही. इंडोनेशियात नारळाच्या करवंट्या उचलून नेणारे आणि वेळ आली की त्या जोडून आत लपणारे ऑक्टोपस संशोधकांनी २००९ मध्ये नोंदवले, ते याच स्वभावाचं टोक आहे.

या प्राण्याला रिकाम्या टाकीत ठेवणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. तिथे खाद्य ठरल्या वेळी वरून पडतं. शोधायला, फोडायला, रचायला, लपायला काही नसतं.

टाकीतलं गणित

कागदपत्रांनुसार एका घनमीटर पाण्यात १० ते १५ ऑक्टोपस ठेवायचे होते. घनमीटर म्हणजे हजार लिटर, म्हणजे एकाच्या वाट्याला ६७ ते १०० लिटर. दहा लाख ऑक्टोपसांचे ३,००० टन करायचे तर प्रत्येकी तीन किलो वजन धरलेलं दिसतं. तीन किलोच्या ऑक्टोपसने हात पसरले तर ते मीटरभर सहज जातात.

हा प्राणी एकलकोंडा आहे आणि आपल्याच जातीच्या लहान प्राण्याला खातो, हे पकडून ठेवलेल्या आणि मोकळ्या अशा दोन्ही ठिकाणी नोंदलेलं आहे. यावर शेतीच्या बाजूने असं म्हटलं जातं की ऑक्टोपस समजतात तितके एकटे नसतात. त्याला आधारही आहे. ऑस्ट्रेलियाच्या जर्व्हिस बेमध्ये दुसऱ्या एका जातीचे ऑक्टोपस शिंपल्यांच्या ढिगाऱ्यांत जवळजवळ बिळं करून राहतात, आणि पीटर गॉडफ्री-स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. पण त्या वस्तीत काय चालतं तेही त्यांनीच नोंदवलं आहे: सतत तणातणी, एकमेकांना बिळातून हुसकावणं, आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झाल्याप्रमाणे एकमेकांच्या अंगावर गाळ आणि शिंपले फेकणं. तिथे प्रत्येकाला आपलं बीळ आहे आणि नको झालं तर निघून जायला मोकळा समुद्र आहे. टाकीत यातलं एकही नाही. त्या वस्तीचा दाखला देऊन दाटीचं समर्थन करणं मला पटत नाही. उलट, मोकळीक असतानाही शेजार त्यांना किती जड जातो, हेच त्यातून दिसतं.

मरतूक १० ते १५ टक्के धरलेली होती. दहा लाखांचा माल काढायचा तर त्यामागे लाख-दीड लाख जनावरं टाकीतच मरणार, हे योजनेतच बसवलेलं होतं. कुक्कुटपालन किंवा मत्स्यपालन ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना हा आकडा दचकवणार नाही. मला मात्र त्या आकड्याने थांबवलं, कारण ऑक्टोपसच्या बाबतीत ही मरतूक कशी होणार याचा अंदाज बांधता येतो. त्याच्या अंगावर खवलं नाहीत. त्वचा नाजूक, भिंतीला घासली किंवा दुसऱ्याने धरली तरी फाटते, आणि जखम चिघळते. सर्वसामान्य ऑक्टोपसच्या आतड्यात ॲग्रेगाटा नावाचा परजीवी मोठ्या प्रमाणावर आढळतो. दाटीत असे जंतू कसे पसरतात, ते प्रत्येक पशुपालकाला ठाऊक आहे.

काही टप्प्यांवर सतत प्रकाश ठेवण्याचाही उल्लेख त्या कागदांत होता. ज्या प्राण्याचा जीव अंधाऱ्या कपारीत रमतो त्याच्यासाठी हा.

कंपनीने यावर आपली बाजू मांडली आहे. प्राण्यांची हाताळणी योग्य राहील, कल्याणाचे निकष पाळले जातील, पिढ्यानपिढ्या बंदिवासात वाढलेले ऑक्टोपस एकमेकांशी भांडत नाहीत, असा तिच्या म्हणण्याचा रोख. हे खरं निघालं तरी एवढंच सिद्ध होईल की ते भांडत नाहीत. ते बरे आहेत हे त्यातून सिद्ध होत नाही.

वेदनेचा पुरावा

ऑक्टोपसला दुखतं का, हा प्रश्न अजून कोणी विचारला तर त्याला जीवशास्त्रज्ञ रॉबिन क्रुक यांचा २०२१ मधला प्रयोग सांगावा. तीन कप्प्यांची पेटी. ऑक्टोपस आधी कोणत्या कप्प्यात रमतो ते पाहून ठेवलं. मग त्याच्या हाताला सौम्य ॲसेटिक आम्लाचं इंजेक्शन दिलं आणि त्याच आवडत्या कप्प्यात ठेवलं. पुढे मोकळं सोडल्यावर त्याने तो कप्पा टाळला. नुसतं खारं पाणी टोचलेल्या ऑक्टोपसांनी तसं केलं नाही. मग आम्ल टोचलेल्यांना बधिरता आणणारं लिडोकेन देऊन दुसऱ्या कप्प्यात ठेवलं, तर त्यांना तो कप्पा आवडू लागला. ज्यांना मुळात आम्ल टोचलंच नव्हतं त्यांना लिडोकेनच्या कप्प्याचं काही आकर्षण वाटलं नाही.

यात ठणक्याला हात झटकन मागे घेण्याचा प्रकार नाही. जिथे त्रास झाला ती जागा लक्षात राहिली, जिथे आराम मिळाला तीही लक्षात राहिली, आणि दोन्हींवरून त्याने पुढे कुठे जायचं ते ठरवलं. आणखी एक गोष्ट त्या नोंदींत आहे आणि ती वाचल्यापासून माझ्या मनातून गेलेली नाही: आम्ल टोचलेल्या जागेची कातडी ऑक्टोपसांनी आपल्या चोचीने कुरतडून काढली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या जोनाथन बर्च यांच्या गटाचा अहवाल आला. ब्रिटिश सरकारने तो मागवला होता. ३०० हून अधिक अभ्यास तपासून, संवेदनक्षमतेचे आठ निकष लावून त्यांनी म्हटलं की ऑक्टोपसांच्या बाबतीत पुरावा अतिशय भक्कम आहे. आठपैकी सात निकष ऑक्टोपस खात्रीने पूर्ण करतात. शेतीबद्दलही तो अहवाल आडपडदा ठेवत नाही. उच्च कल्याणाची ऑक्टोपस-शेती अशक्य आहे, असं त्यात म्हटलं आहे. सावध भाषेत लिहिणाऱ्या शास्त्रज्ञांनी अशक्य हा शब्द वापरला, याकडे माझं लक्ष वारंवार जातं. चांगली टाकी, कमी दाटी, प्रशिक्षित कामगार असे उपाय सुचवून त्यांना थांबता आलं असतं. ते तिथे थांबले नाहीत.

बर्फाचं पाणी

मारण्याची पद्धत योजनेत लिहिलेली होती: उणे ३ अंश सेल्सियसच्या पाण्यात सोडायचं.

माशांच्या बाबतीत ही पद्धत जुनी आहे आणि ती कशी ठरते तेही माहीत आहे. थंडीने शरीर मंदावतं, पण शुद्ध लगेच हरपत नाही. मासा अनेक मिनिटं धडपडत राहतो. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या जलचर प्राण्यांसाठीच्या संहितेत बर्फाने गारठवून मारण्याचा समावेश माशांच्या कल्याणाला बाधक अशा पद्धतींत केला आहे.

ऑक्टोपसचं प्रकरण माशाहून अवघड. माशाला बेशुद्ध करायचं तर डोक्यावर नेमका आघात करता येतो. ऑक्टोपसचा मेंदू अन्ननलिकेभोवती कड्यासारखा गुंडाळलेला असतो आणि उरलेली मोठी चेतासंस्था हातांत पसरलेली. प्रयोगशाळेत त्याला मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात हळूहळू भूल देतात. २०१८ मध्ये क्रुक यांच्याच गटाने दाखवलं की त्यात मेंदूकडे येणारे संदेश खरोखर थांबतात, फक्त हालचाल थांबते असं नाही. हे काम एकेका प्राण्याकडे लक्ष ठेवून, वेळ देऊन करावं लागतं. वर्षाला दहा लाख म्हणजे दिवसाला साधारण २,७००. त्या वेगाने हा प्राणी वेदनेविना मारण्याची सिद्ध झालेली पद्धत बर्च यांच्या गटाला सापडली नाही.

समुद्रात पकडलेले ऑक्टोपस याहून बरे मरतात असं मी म्हणणार नाही. त्यांना दांडक्याने मारतात, डोकं चिरतात, जाळ्यात गुदमरू देतात. ते वाईटच आहे, आणि त्यावरही बोललं पाहिजे. पण ते वाईट आहे म्हणून त्याला दहा लाखांची नवी भर घालणं योग्य ठरत नाही.

खाद्य आणि सांडपाणी

शेतीच्या बाजूचा सर्वांत मोठा युक्तिवाद पर्यावरणाचा आहे. टाकीत वाढवला की समुद्रातला वाचेल, असा. वरवर पाहता पटतो.

ऑक्टोपस मांसाहारी आहे. त्याचं एक किलो वजन वाढायला साधारण तीन किलो खाद्य लागतं असं मानलं जातं. ३,००० टनांसाठी ९,००० टन. ते प्राणिजन्य प्रथिनांनी भरलेलं हवं, आणि मत्स्यपालनात अशी प्रथिनं मुख्यतः मत्स्यचूर्ण आणि माशाच्या तेलातून येतात. जगात समुद्रातून जी मासळी निघते तिचा पाचवा-सहावा हिस्सा आजही माणसाच्या ताटात न जाता चूर्ण आणि तेल होतो. पश्चिम आफ्रिकेत मॉरिटानिया, सेनेगल, गांबिया इथे मत्स्यचूर्णाचे कारखाने उभे राहिल्यापासून स्थानिक लोकांच्या रोजच्या जेवणातली सार्डिनेला ही मासळी महागली आणि मिळेनाशी झाली. कॅनरी बेटं त्याच किनाऱ्यासमोर आहेत. मासळीप्रक्रियेतून उरलेल्या भागापासून खाद्य करू, असं यावर उत्तर येतं. पण त्या उरलेल्या भागालाही आज गिऱ्हाईक आहे. कोळंबी, सॅल्मन, पाळीव प्राणी यांच्या खाद्यात तो जातोच. नवा मोठा गिऱ्हाईक आला की कोणाला तरी दुसरीकडून प्रथिनं आणावी लागणार.

जेनिफर जाके, बेका फ्रँक्स, गॉडफ्री-स्मिथ आणि वॉल्टर सांचेझ-सुआरेझ यांनी २०१९ मध्येच हा मुद्दा मांडला होता. शाकाहारी मासे आणि शिंपले पाळणं वेगळं आणि मांसाहारी प्राणी पाळणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात समुद्रावरचं ओझं हलकं होत नाही, फक्त दुसऱ्या माशांवर सरकतं. त्याच वर्षी स्टेफानो लॉन्गो आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांची आकडेवारी तपासून दाखवलं की मत्स्यपालन वाढलं म्हणून समुद्रातली पकड त्या प्रमाणात घटली नाही. स्वस्त माल आला की खाणारे वाढतात. ऑक्टोपसच्या बाबतीत तर आजवर तो न खाणाऱ्या बाजारांत शिरणं हे उत्पादकाच्या फायद्याचंच आहे.

सांडपाण्याचा भाग त्यामानाने सरळ आहे. प्रथिनांवर जगणारा प्राणी अमोनियाच्या रूपात नत्र बाहेर टाकतो, वर न खाल्लेलं खाद्य आणि विष्ठा. बंदरातून पाणी घ्यायचं आणि वापरून समुद्रात सोडायचं तर हा भार किनाऱ्यालगतच्या पाण्यावर पडतो. त्यात औषधं आणि जंतू मिसळले तर वेगळी चिंता. तापमानाचाही पेच आहे. सर्वसामान्य ऑक्टोपसला २३ अंशांच्या वरचं पाणी सोसत नाही, तो खाणं कमी करतो आणि मरतूक वाढते. उन्हाळ्यात तापणाऱ्या समुद्राचं पाणी गार ठेवायचं तर वीज लागते, आणि ती पुन्हा कुठून तरी यायची.

कॅनरी बेटांच्या सरकारने प्रकल्पाच्या छोट्या, सुटसुटीत पर्यावरणीय छाननीवर समाधान मानलं नाही. परिणाम लक्षणीय असू शकतात, म्हणून सविस्तर मूल्यांकन करा, असं कंपनीला सांगितलं. मला हा या प्रकरणातला सर्वांत समंजस सरकारी निर्णय वाटतो. मात्र त्या मूल्यांकनात पाणी, गाळ, वास, वीज, वाहतूक यांचा हिशेब होतो. टाकीतल्या प्राण्याला काय होतं, याला त्यात रकाना नाही.

कायद्यातली फट

रकाना नाही, कारण कायदाच नाही. युरोपीय संघाचा १९९८ चा पाळीव पशूंबद्दलचा निर्देश अपृष्ठवंशी प्राण्यांना स्पष्टपणे वगळतो. कत्तलीबद्दलचा २००९ चा नियम फक्त पृष्ठवंशी प्राण्यांना लागू आहे. ऑक्टोपस या दोन्हींच्या बाहेर.

पण २०१० चा, प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांबद्दलचा निर्देश ऑक्टोपस, माखली आणि त्यांच्या वर्गातल्या सगळ्या प्राण्यांना संरक्षण देतो. म्हणजे स्पेनमधल्या एखाद्या संशोधिकेला एका ऑक्टोपसच्या हाताला सुई टोचायची असेल तर तिला परवानगी काढावी लागते, प्रयोगाची गरज सिद्ध करावी लागते, वेदना कमीत कमी ठेवाव्या लागतात, आणि मारायचा असेल तर कमीत कमी त्रास देऊन मारावा लागतो. त्याच प्राण्याला बंदरातल्या इमारतीत दहा लाखांच्या संख्येने दाटीत वाढवून बर्फाच्या पाण्यात सोडणाऱ्याला मात्र यातलं काहीही विचारलं जात नाही. प्राणी तोच, त्याची चेतासंस्था तीच. या विसंगतीचं समर्थन मी अजून कोणाकडून ऐकलेलं नाही. ही फट मुद्दाम ठेवलेली आहे असंही मला वाटत नाही. १९९८ मध्ये ऑक्टोपस पाळता येईल असं कायदा लिहिणाऱ्यांच्या मनातही आलं नसावं. पण आता ते ठाऊक असताना ती तशीच राहू देणं हा निर्णयच ठरतो.

इतरत्र हालचाल झाली आहे. बर्च अहवालानंतर ब्रिटनच्या २०२२ च्या प्राणी-संवेदनक्षमता कायद्यात ऑक्टोपसांचा समावेश झाला. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने मार्च २०२४ मध्ये ऑक्टोपसच्या शेतीवर बंदी घातली. सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाने त्यापुढे जाऊन शेतीतल्या ऑक्टोपसची विक्रीही बंद केली. हा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. नुसती शेती बंद केली तर धंदा शेजारच्या किनाऱ्यावर जातो आणि माल परत त्याच दुकानात येतो. या दोन्ही राज्यांत त्या वेळी बंद पाडावी अशी एकही मोठी शेती नव्हती, म्हणून कोणाचा रोजगार गेला नाही आणि नुकसानभरपाईचाही प्रश्न आला नाही. धंदा उभा राहिल्यानंतर हेच करायला गेलं असतं तर दहा-वीस वर्षं लागली असती. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांच्या बाबतीत युरोपने १९९९ मध्ये निर्णय घेतला आणि जुने पिंजरे कायद्याने बंद व्हायला २०१२ उजाडलं.

मग मागणीचं काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. गॅलिसियात ऑक्टोपस हा सणासुदीचा, जत्रेचा, घरोघरचा पदार्थ आहे, आणि त्यावर जगणारी छोट्या होड्यांची मासेमारी आहे. शेतीला विरोध करणाऱ्यांनी त्या लोकांना काय सांगायचं?

उत्तराचा एक भाग शेजारीच आहे. गॅलिसियाला लागून असलेल्या अस्टुरियासच्या पश्चिम किनाऱ्यावर छोट्या होड्यांचे मच्छीमार सापळे लावून ऑक्टोपस पकडतात. हंगाम ठरलेला, सापळ्यांची संख्या ठरलेली, लहान ऑक्टोपस परत सोडायचा, आणि राखण मच्छीमारांच्या संघटना स्वतः करतात. २०१६ मध्ये या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या टिकाऊ मासेमारीची पारख करणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र मिळालं, ऑक्टोपसच्या मासेमारीत जगात पहिलं. मादागास्करमध्ये २००४ पासून किनाऱ्यावरची गावं काही महिने ठरावीक खडक बंद ठेवतात. एवढ्या वेगाने वाढणारा प्राणी असल्याने थोड्या विश्रांतीनेही पकड सुधारते. साडेसहा कोटी युरोंचा थोडा भाग जरी मोरोक्को ते गॅलिसिया या पट्ट्यात अशा राखणीवर, मोजणीवर आणि प्राणी लवकर मारण्याच्या पद्धती शोधण्यावर गेला तरी समुद्रातल्या ऑक्टोपसचं भलं शेतीपेक्षा जास्त होईल, असं मला वाटतं.

यातून ३,००० टनांची जादा भर निघणार नाही, हे उघड आहे. सापळ्यातून मिळेल तेवढंच मिळेल, कधी कमी, आणि त्याचा दर चढाच राहील. ते मान्य करूनच शेतीला नाही म्हणावं लागेल.